चौथीचं निवासी शिबिर: मुलांना पाठवाच, पण शिबिर शाळेने स्वतः घ्यायला हवं

रानजाई
नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेत यंदा बरंच काही घडलं, त्यातल्या शिबिराबद्दल सविस्तर लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. दुसऱ्या शाळांचे पालकही विचारतायत की तुम्ही हे जमवलंत कसं. शाळा मुंबईतली, मराठी माध्यमाची, अनुदानित. नाव देत नाही कारण मुलांबद्दल लिहितेय. लेक चौथीत आहे आणि मी मदतनीस पालक म्हणून सोबत गेले होते.

सुरुवात खरं तर २०२५ च्या जूनमध्ये झाली. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा विषय तापला होता तेव्हा शाळेत पालकसभा लागली आणि एरवी सभेला चार टाळकी असतात तिथे हॉल भरला. २९ जूनला सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले, विषय समितीकडे गेला, पण त्या निमित्ताने पालकांची एकमेकांशी ओळख झाली ती टिकली. त्याच गटाने मग आषाढीच्या दिंडीला मदत केली, दिवाळीनंतर बालआनंद मेळावा केला. मेळाव्यात मुलांनी पहाटे मोठ्यांसोबत दादरच्या भाजी मार्केटला जाऊन मेथी, मुळा, हिरवे वाटाणे आणले आणि शाळेच्या पटांगणात विकले. सुट्टे पैसे मोजताना जी धांदल उडाली ती बघायला हवी होती, एका मुलाने तर मेथीची जुडी देताना प्रत्येक आजीला सांगितलं की आज मातीसकट आहे, दोनदा धुवा. फायदा काय झाला तो मुलांनीच फळ्यावर मांडला आणि तो शिबिराला द्यायचा हेही त्यांनीच ठरवलं.

शिबिर शहापूर तालुक्यात होतं, तानसाच्या बाजूला, एका संस्थेच्या साध्या आवारात. बस नाही, कसारा लोकल. शनिवारी सकाळी गर्दी मुंबईकडे येते, आपण उलट दिशेला, त्यामुळे मुलांना बसायला मिळालं. आसनगावला उतरलो की समोर माहुलीचे सुळके दिसतात. आता चौथीला इतिहासाचं पुस्तक म्हणजे शिवछत्रपती, त्यामुळे बाईंनी तिथेच प्लॅटफॉर्मच्या टोकाला सगळ्यांना उभं करून सांगितलं की १६३६ साली शहाजीराजांनी शेवटची झुंज याच गडावरून दिली आणि जिजाऊ आणि शिवबा तेव्हा गडावर होते असं सांगतात. लगेच हिशोब सुरू, जन्म १६३०, म्हणजे सहा वर्षांचे, म्हणजे पहिलीतले! आपल्यापेक्षा लहान! तो धडा मुलांनी वर्गात पाठ केला होता, पण गड समोर बघून त्यांचे चेहरे जे झाले ते वर्गात झाले नव्हते.

आणि मग पाणी. शिबिराचा सगळा विषयच बाईंनी पाणी ठेवला होता. मुंबईला पाणी नेणारे ते अजस्र पाईप तिथून जवळच जमिनीवरून जातात. मुलं चालत तिथपर्यंत गेली, पाईपला हात लावून बघितला, दोन मुलांनी हात धरून घेर मोजायचा प्रयत्न केला, जमला नाही. बाई म्हणाल्या, हे आपल्या घरच्या नळाचं पाणी. दुपारी शेजारच्या पाड्यावरच्या शाळेतली मुलं आली, लगोरी आणि विटीदांडू झाला, आमची मुलं सपाटून हरली. त्या मुलांना प्रत्येक झाडाचं नाव माहीत होतं, हे बेहड्याचं, हे मोहाचं, याची पानं जनावर खात नाही. त्यांच्यातल्या एका मुलीची आजी सोबत होती, तिने बोलता बोलता सांगितलं की एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे टँकर येतो, नाहीतर हंडे घेऊन लांब जायचं. आमच्यातला एक मुलगा सरळ उभा राहून म्हणाला, पण पाईप तर इथूनच जातो ना?

तिथे कुणीच काही बोललं नाही लगेच. बाईंनी घाईने उत्तर दिलं नाही हे मला फार आवडलं. त्यांनी तो प्रश्न मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावला आणि म्हणाल्या परत गेल्यावर याचं उत्तर शोधू, ज्याला घरी विचारता येईल त्याने विचारा. तो कागद आता वर्गात लावलाय.

रात्री नऊच्या सुमारास दिवे बंद करून सतरंजीवर आडवं पडून आकाश बघितलं. मृगाचा चौकोन, त्यातले बाणाचे तीन तारे, त्याच रेषेत खाली जा की व्याध, वरच्या बाजूला कृत्तिकांचा पुंजका. आमच्या चाळीच्या गच्चीवरून व्याध दिसतो पण कृत्तिका दिव्यांमुळे नीट कधीच दिसत नाहीत. मुलांना किती तारे मोजता येतात यावर पैजा लागल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वयात एकदा तरी आई-बाबांशिवाय मुक्काम व्हायला हवा आणि तो त्यांच्याच बाईंबरोबर व्हायला हवा, कंपनीच्या माणसांबरोबर नाही. तुमच्या शाळांमध्ये काय होतं ते लिहा.

स्वच्छंद७
वाचून हेवा वाटला खरंच. आमच्याकडे (शाळेचं नाव मीही देत नाही) गेली काही वर्षं शिबिर म्हणजे एका एजन्सीला दिलेलं पॅकेज. कर्जतच्या बाजूला रिसॉर्ट, झिपलाइन, रेन डान्स, रात्री डीजे. फी एवढी की वर्गातली जवळपास निम्मी मुलं गेलीच नाहीत आणि सोमवारी शाळेत जे गेले आणि जे नाही गेले असे दोन गट पडले, धाकटा न गेलेल्यांत होता, आठवडाभर गप्प होता. गेलेल्यांना विचारलं काय बघितलं तर सांगतात बुफेला पास्ता होता. शिक्षक बिचारे नुसते डोकी मोजायला. मुलांना कोण सांभाळतंय तर कॉलेजातली पोरं, ज्यांना एकाही मुलाचं नाव माहीत नाही. कोण रात्री घाबरतं, कोणाला दूध चालत नाही, हे बाईंना माहीत असतं, त्या पोरांना कसं माहीत असणार? तुमच्या शाळेने फी किती ठेवली आणि ज्यांना जमत नव्हती त्यांचं काय केलं ते सांगाल का?

रानजाई
@स्वच्छंद७ आकडा नको लिहायला, कारण दरवर्षी बदलतो, पण लोकलचं तिकीट, जेवण आणि राहण्याचा नाममात्र खर्च एवढंच होतं. जेवण तिथल्याच बचत गटाच्या ताईंनी केलं, नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, रात्री मऊ खिचडी. ज्यांना तेवढंही जड होतं त्यांचे पैसे माजी विद्यार्थ्यांनी भरले आणि कोणाचे भरले हे मुख्याध्यापिका बाई सोडून कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. फॉर्मवर फक्त येणार की नाही एवढीच खूण करायची होती, पैशाची गोष्ट वेगळी, बंद पाकिटात. त्यामुळे वर्गातली सगळी मुलं आली, एका मुलाचा हात प्लॅस्टरमध्ये होता तोही आला.

सातरस्ता
मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला मुलगी आहे, तिसरीत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जो अत्याचार झाला त्यानंतर मी तिला शाळेच्या बसने पाठवायचंसुद्धा बंद केलं, स्वतः सोडतो आणि आणतो. शाळेच्या आत, दिवसाउजेडी असं होऊ शकतं तर परक्या जागी दोन मुक्काम म्हणजे मला झोप लागणार नाही. तारे, पाईप सगळं चांगलंच आहे पण ते एका दिवसात दाखवून संध्याकाळी परत आणा ना.

खडूफळा
@सातरस्ता दादा, राग कशाला, हा प्रश्न प्रत्येक पालकाने विचारलाच पाहिजे. मी उपनगरातल्या प्राथमिक शाळेत शिकवते, शिबिरं घेतलीयत म्हणून सांगते. शाळेला विचारा की सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती) फक्त फलकावर आहे की तिची बैठक होते. मुलींच्या खोलीत रात्री कोण झोपणार, त्या बाईंचं नाव विचारा. आवारात शाळेबाहेरचं कोण कोण असणार, स्वयंपाकी, वॉचमन, त्यांची नोंद शाळेकडे आहे का, संडास खोलीला लागून आहे की अंधारातून चालत जायचं, ते विचारा. आम्ही दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवतो आणि कुठलंही मूल कुठल्याही एकट्या मोठ्या माणसाबरोबर एकटं जात नाही, मग ते सर असोत की पालक, कायम जोडीने. निघायच्या आधी वर्गात चांगला-वाईट स्पर्श परत एकदा घेतो. एवढं विचारून जी शाळा चिडते तिथे मुलीला पाठवू नका, मी स्वतः सांगतेय.

आणि पाण्यात उतरणं पूर्ण बंद. २०१६ ला मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले ते योग्यच झाले. तानसाला गेलात तरी लांबून बघायचं.

आता आमची बाजू. शिक्षक शिबिर घ्यायला का कचरतात? परवानगीची फाईल, प्रत्येकाचं संमतीपत्र, डॉक्टरचा नंबर, विमा, आणि त्यात मतदार यादीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं चालूच. काही कमी-जास्त झालं तर पहिलं बोट बाईंकडे. म्हणून मुख्याध्यापक म्हणतात द्या एजन्सीला, जबाबदारी त्यांची. @रानजाई यांच्या शाळेसारखे पालक पाठीशी उभे राहिले तर कोणत्या शिक्षकाला आपल्या मुलांबरोबर जायला आवडणार नाही?

लोकलने जमत नसेल तर एसटी बघा, शालेय सहलीला निम्म्या भाड्यात बस मिळते, अर्ज आगारात आधी द्यावा लागतो.

मुलुंडची_आई
खडूफळा ताई, एक विचारू? माझ्या मुलाला टाइप वन डायबेटिस आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. शाळा चांगली आहे पण शिबिराचं नाव निघालं की त्याला सांगतात तू घरीच थांब बाळा, रिस्क नको. तो आता स्वतःच म्हणतो मला नाही जायचं. मला माहितीये त्याला जायचंय.

खडूफळा
ताई, माझ्या वर्गात अशी मुलगी होती. तिची आई शिबिराला आली, पण स्वयंपाकाच्या गटात, मुलीच्या गटात नाही. इन्सुलिन थंड पिशवीत बाईंकडे, साखर तपासायची वेळ झाली की मुलगी स्वतः उठून आईकडे जायची आणि दोन मिनिटांत परत. गटातल्या मुलांना आधी वर्गात सांगितलं होतं की हिला घाम आला किंवा ही गप्प झाली तर लगेच मोठ्यांना सांगायचं आणि बिस्किटांचा, ग्लुकोजचा डबा कुठे आहे ते. मुलं इतकी जबाबदारीने वागली. तुमच्या डॉक्टरांकडून एक पानाचं लिहून घ्या, चालताना किती खायचं, रात्री किती वाजता तपासायचं, आणि ते घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. नुसतं पाठवा म्हणू नका, मी येते मदतीला म्हणा.

दुसरं, हे कोणी उघड विचारत नाही म्हणून लिहिते. या वयात काही मुलं अंथरूण ओलं करतात. आम्ही गुप्त चिठ्ठी मागवतो, त्या मुलांना रात्री बारा आणि पहाटे चारच्या सुमारास हळूच उठवतो, बाकीच्यांना कळतही नाही. तेवढ्यासाठी मूल घरी ठेवू नका.

गिरगावचा
आमच्या वेळी निवासी शिबिर शाळेच्याच हॉलमध्ये व्हायचं! बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या अंथरायच्या, घरून चादर-उशी न्यायची. संध्याकाळी चौपाटी, रात्री गच्चीवर शेकोटीऐवजी कंदील, आणि सर गोष्ट सांगायचे. सकाळी शाळेच्या नळावर तोंड धुताना सगळं जग वेगळं वाटायचं. ज्यांना लांब पाठवायची भीती वाटते त्या पालकांनी शाळेला हे सुचवा, पहिली पायरी म्हणून. पालक दहा मिनिटांवर असतात आणि मूल तरीही एकटं झोपतं.

सातरस्ता
हे पटतंय. शाळेतच मुक्काम असेल तर मी पहिला सही करीन. खडूफळा बाई, तुम्ही लिहिलेले प्रश्न मी उतरवून घेतलेत, पालकसभेत विचारतो.

कान्हेरीच्या_पायऱ्या
पाणी हा विषय असेल तर शहापूरला जायच्या आधी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एक दिवस घालवा, फार फार छान जोडता येतं. कान्हेरीला शंभराच्या वर लेणी आहेत, आपण तीन नंबरचं चैत्य आणि अकरा नंबरचा दरबार बघून खाली उतरतो, पण मुलांना पाणपोढ्या दाखवा. जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर कातळात खोदलेलं टाकं आहे आणि वरच्या उतारावरून पावसाचं पाणी त्यात यावं म्हणून खोदलेले पाट आहेत. मुलांना सांगायचं की बाटलीतलं पाणी त्या पाटात हळूच ओता आणि कुठे जातं ते बघा. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी पावसाळ्याचं पाणी पुढचे महिने कसं पुरवलं हे मुलांना न शिकवता कळतं. तिथून विहार आणि तुळशी तलाव त्याच जंगलात आहेत, विहार १८६० चा, मुंबईच्या नळाच्या पाण्याची सुरुवातच तिथून. उद्यान सोमवारी बंद असतं आणि बिबट्यांचा वावर आहे म्हणून मार्गदर्शकाशिवाय आडवाटेला जायचं नाही, संध्याकाळच्या आत बाहेर.

अगदी लहानांसाठी, पहिली-दुसरी, धारावीला लागून सायन-वांद्रे लिंक रोडवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकर, पूर्वी तिथे कचऱ्याचं डम्पिंग होतं, त्यावर हे जंगल उभं केलंय, १९९४ पासून लोकांसाठी खुलं. आमच्या शेजारच्या मुलीला खरंच वाटेना की आपण कचऱ्यावर उभे आहोत.

पालवी२
सगळं छान आहे पण यंदापासून स्कॉलरशिप परत चौथीला आणलीये, आमच्या ग्रुपवर एकच चर्चा, सराव परीक्षा आणि कोण कोणत्या क्लासला. अशात शनिवार-रविवार शिबिरात घालवायचा म्हणजे मागे पडणार नाहीत का? मी विरोध करत नाहीये, मनापासून विचारतेय.

रानजाई
@पालवी२ माझ्याही लेकीची परीक्षा आहे, फॉर्म भरलाय. पण शिबिरात तिने काय केलं ते बघा ना, टाकीत किती लिटर पाणी आहे आणि आपण एवढे जण, एकाला किती बादल्या, हे गणित मुलांनी खरोखर मांडलं कारण सकाळच्या आंघोळीचं पाणी तेवढंच होतं. एका गटाचा हिशोब चुकला आणि शेवटच्या मुलींना अर्धी बादली मिळाली, मग त्या गटाने परत गणित केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुरलं. सरावसंचात हेच गणित असतं पण तिथे कोणाला गार पाण्याची अर्धी बादली मिळत नाही. एका वीकेंडने काही मागे पडत नाही, मला तरी तसंच वाटतं आणि मी ठामपणे सांगते.

अजून एक, फोटो. पहिल्या दिवशी दुपारपासून पालकांच्या ग्रुपवर फोटो टाका, माझी दिसत नाही, स्वेटर घातलाय का, असं सुरू झालं. शाळेने आधीच सांगितलं होतं की रोज रात्री एकच मेसेज येईल, सगळे जेवले, सगळे झोपले. मी तिथे होते म्हणून सांगते, बाईंच्या हातात फोन नव्हता म्हणून त्यांचे डोळे मुलांवर होते. पहिल्या रात्री एक मुलगा रडत होता, घरी जायचं म्हणून. बाई त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या, त्याला म्हणाल्या की माझाही मुलगा आज माझ्याशिवाय झोपलाय, तुला काय वाटतं, त्याला झोप लागली असेल का? तो रडायचा थांबून विचार करायला लागला, मग त्यांना धीर द्यायला लागला, की आजी आहे ना त्याच्याजवळ, मग लागली असेल. त्यातच झोपला.

भांडुपकर
उशिरा आलो धाग्यावर. मी महापालिकेच्या पाणी खात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त. त्या मुलाचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

मुंबईला सात तलावांतून पाणी येतं, तुळशी आणि विहार शहरातले, बाकी तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा लांबचे. सगळ्यात जास्त पाणी भातसाचं, जवळजवळ निम्मं. तानसा १८९२ चा, इंग्रजांच्या काळातला. धरणाची जागा उंचावर, शहर समुद्रसपाटीला, म्हणून तिथलं पाणी उतारानेच वाहत येतं. आणि अडचण इथेच आहे. पाणी उताराने खाली यायला खर्च कमी, पण तेच पाणी पाईपपासून वर टेकडीवरच्या पाड्यावर चढवायचं तर पंप लागतो, वीज लागते, टाकी लागते, आणि ते बिल भरणारं कोणीतरी लागतं. पाईप मुंबईचा, तलाव मुंबईने बांधला (भातसा आणि अप्पर वैतरणा राज्य सरकारचे), आणि गावाच्या पाण्याची योजना जिल्हा परिषदेची. तीन वेगवेगळे दरवाजे. गावाने कुठल्या दरवाजावर जायचं हेच कित्येकदा ठरत नाही. पाईपवरच्या काही गावांना जोडणी दिलेली आहे, सगळ्यांना नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं खात्यात असताना उन्हाळ्यात त्या रस्त्याने जाताना हंडे घेतलेल्या बाया दिसायच्या आणि मला तेव्हाही वाईट वाटायचं. मुलांना खरं कारण सांगा, ती समजू शकतात, आणि पाण्याला पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न मोठ्यांनी सोडवायचाय हेही सांगा.

रानजाई
काका, हे तुम्ही वर्गात येऊन सांगाल का? तो कागद अजून भिंतीवर आहे आणि खाली मुलांनी आणलेली उत्तरं चिकटवलीत, कोणाच्या बाबांनी लिहिलंय पाईप गळतो म्हणून, कोणाच्या आजीने लिहिलंय सरकारने ठरवलं तर होईल. पाड्यावरच्या शाळेतली मुलं पुढच्या महिन्यात आमच्याकडे येणार आहेत, त्यांना समुद्र बघायचाय, आणि त्यांचा मुक्काम आमच्या शाळेच्या हॉलमध्येच आहे (@गिरगावचा, तुमच्या पद्धतीने!). त्या वेळी दोन्हीकडची मुलं एकत्र असतील, तेव्हा आलात तर फार बरं होईल.

भांडुपकर
येतो ना. माझ्याकडे जलवाहिन्यांचा जुना मोठा नकाशा आहे, जमिनीवर पसरावा लागेल, त्यामुळे बाकं आधी बाजूला करून ठेवा. तारीख कळवा, आणि त्या पाड्याचं नाव मला निरोपात पाठवा, योजना कुठे अडकलीये ते जुन्या सहकाऱ्यांना विचारून ठेवतो, म्हणजे त्या मुलांनी विचारलं तर हातात काहीतरी असेल.

मुलुंडची_आई
इथेच सांगते, काल मुख्याध्यापकांना भेटले, डॉक्टरांची चिठ्ठी दिली. स्वयंपाकाच्या गटात माझं नाव लिहून घेतलंय. त्याने रात्रीच पाठीवरची बॅग काढून टॉर्चचे सेल बदलले.